नसलेल्या चिपचं पहिलं वाक्य

माझ्या आयुष्यातली सहा-सात वर्षं मी अशा एका वस्तूवर घालवली, जी त्या वेळी जगात कुठेच नव्हती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुष्कळ माणसं पुष्कळ वर्षं असल्याच वस्तूंवर घालवतात. फरक इतकाच, की मला त्याबद्दल विद्यापीठाला दर सहा महिन्यांनी अहवाल द्यावा लागे.

मी तेव्हा तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते आणि पन्नाशीला टेकले होते. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं डॉक्टरेट मिळवून माझ्याच स्टाफरूममध्ये येऊन बसू लागली होती. प्रत्येक नव्या डॉक्टरबरोबर माझं टेबल खिडकीपासून थोडं थोडं सरकत गेलं. ते दाराला लागलं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावर छत्री ठेवू लागला, तेव्हा मी पीएचडीला नाव नोंदवलं. ज्ञानाच्या तहानेने लोक संशोधनाकडे वळतात असं ऐकलं आहे. मी छत्र्यांमुळे वळले.

विषय होता सॉफ्टवेअर रेडिओच्या चिपचा. समजायला तो अवघड नाही, फक्त लोक नाव ऐकूनच उठून जातात. जुन्या रेडिओत प्रत्येक कामाला वेगळा भाग असतो. एक भाग स्टेशन पकडतो, दुसरा खरखर गाळतो, तिसरा त्यातून आवाज मोकळा करतो. सॉफ्टवेअर रेडिओत हे भाग नसतात. अँटेनावर आलेल्या लहरीचे आकडे करायचे आणि पुढचं सगळं एका चिपने गणित करून उरकायचं. प्रोग्राम बदलला की तोच रेडिओ उद्या टेलिफोन होतो. अशी एक चिप एका कंपनीने कागदावर आखली होती. ती हातात यायला काही वर्षं लागणार होती. तोवर तिच्यासाठी प्रोग्राम लिहून ठेवायचे आणि ते चालतील की नाही हे बघायला साध्या कॉम्प्युटरच्या पोटात त्या चिपची हुबेहूब नक्कल उभी करायची, हे माझं काम.

मी हे घरी समजावून सांगितलं तेव्हा आमचे हे "बाजारात तुरी" एवढंच म्हणाले. पुढची म्हण त्यांनी सौजन्याने गिळली. हे विमा कंपनीत होते. जे अजून घडलेलं नाही त्याचे हप्ते ते लोकांकडून रोज गोळा करत असत, हे मी त्या वेळी बोलून दाखवायला हवं होतं. सुचलं तेव्हा ते निवृत्त झाले होते.

सासूबाईंना मी स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं.

"असं समजा आई, की दहा भांड्यांऐवजी एकच पातेलं. त्यातच दूध तापवायचं, त्यातच भात, त्यातच भाजी."

"आणि मध्ये घासायचं कधी?" सासूबाई म्हणाल्या.

एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना चिपला जो वेळ लागतो, तो माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा विषय होता. पण ते मी त्यांना कळू दिलं नाही.

त्यांचं माझ्या संशोधनाबद्दल एक ठाम मत होतं. कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बाईच्या हातात काहीच नसतं. ना सुई, ना सुरी, ना पुस्तक. म्हणजे ती रिकामी बसलेली असते. शेजारी कोणी विचारलं, की त्या म्हणत, "आहे ना घरी. बसलीये." त्यात कसलाही टोमणा नसायचा. म्हणून तर तो लागायचा.

शेजारच्यांपैकी तळमजल्यावरच्या फ्यूजकाकांचं नाव आधी घ्यायला हवं. ते वीजखात्यातून निवृत्त झाले होते आणि इमारतीतला कोणाचाही दिवा लुकलुकला की खिशातून टेस्टर काढत जिना चढत. मी रेडिओवर डॉक्टरेट करते आहे, असं कळल्यावर ते स्वतःचा बंद पडलेला रेडिओ काखेत घेऊन आले. मी म्हटलं, काका, मला रेडिओ दुरुस्त करता येत नाही, माझ्या रेडिओत भागच नसतात.

"भाग नाहीत? मग बिघडतं काय?"

"गणित."

"ते कोण दुरुस्त करतं?"

"मीच."

"मग आमचंही तेच बिघडलं असेल. बघा तर खरं." असं म्हणून ते रेडिओ ठेवून गेले. तो आमच्या कपाटावर चार वर्षं होता. त्यांनी तो कधी परत मागितला नाही आणि जाता-येता त्याच्याकडे पाहून, एखाद्या हुशार डॉक्टरवर विश्वास टाकलेल्या माणसासारखं ते शांतपणे हसत.

आता रेडिओ म्हटला की त्याला ऐकायला काहीतरी लागतं. नसलेल्या चिपला निदान खरी लहर हवी. लहरीचे आकडे करणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते दुसऱ्या एका संस्थेत होतं आणि बऱ्याच सह्यांनंतर ते मला एका दुपारपुरतं मिळालं. मी तंत्रशाळेच्या गच्चीवर अँटेना धरून उभी राहिले. माझे मार्गदर्शक खाली यंत्रापाशी बसले. हे सर माझ्याहून बरेच लहान, अतिशय सज्जन, आणि कुठल्याही प्रश्नाला "बघू" म्हणणारे. आम्ही जे स्टेशन पकडलं त्यावर बातम्या संपून हवामान सुरू होत होतं. आकड्यांनी डिस्क इतक्या भराभर भरली, की आम्हाला लहरीचा लहानसाच तुकडा घेता आला. सूर्यास्ताच्या आत यंत्र परत गेलं. तो तुकडा हीच माझी सगळी पुंजी.

पहिल्यांदा नक्कल चालली तेव्हा मी त्या तुकड्याच्या अगदी सुरुवातीचा आवाज मोकळा करून घरच्यांना ऐकवला. एक बाई भारदस्त आवाजात म्हणाली, "उद्या दुपारनंतर" आणि थांबली. कारण तेवढाच भाग मी चालवला होता. घरच्यांनी क्षणभर वाट पाहिली.

"उद्या दुपारनंतर काय?" ह्यांनी विचारलं.

ते पुढे आहे, पण चालवायला फार वेळ लागतो, असं मी सांगितलं. खऱ्या चिपने जे काम पापणी लवायच्या आत केलं असतं, त्याला माझ्या नकलेला जेवणं होऊन मागचं आवरून होईपर्यंतचा वेळ लागे. नक्कल म्हणजे काय, तर त्या चिपच्या आतला प्रत्येक लहानसा भाग प्रत्येक क्षणी काय करतो ते लिहून, तपासून, मग पुढच्या क्षणाकडे जायचं. एखाद्या माणसाने घास चावताना प्रत्येक दाताचा अहवाल द्यायचा ठरवला तर तो जसा जेवेल तसा तो रेडिओ बोलत असे.

तेव्हापासून "उद्या दुपारनंतर" हा आमच्या घरातला वाक्प्रचार झाला. नळ गळतोय, प्लंबरला केव्हा बोलावणार? उद्या दुपारनंतर. विजेचं बिल कधी भरणार? उद्या दुपारनंतर. सासूबाई कधीच हसून विनोद करत नसत, पण पाहुण्यांनी "सूनबाईंचं पूर्ण केव्हा होणार?" असं विचारलं, की त्यांचंही उत्तर हेच असे.

नोंदणीची मुदत संपत आली. ती दोनदा वाढवून झाली होती आणि तिसऱ्यांदा वाढत नाही, असं विद्यापीठाने मोठ्या अक्षरांत कळवलं होतं. मुदत संपली की नाव रद्द, काम रद्द, आणि मी पुन्हा छत्र्यांपाशी. अशा वेळी समितीपुढे शेवटचा आढावा झाला. मी शंभरएक पानं आकडे घेऊन गेले होते. अध्यक्ष वयस्कर होते, बोलायला सावकाश. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, आकडे तुमच्याकडे आहेत तसे सगळ्यांकडेच असतात. रेडिओ म्हणताय ना? मग विषयाबाहेरच्या माणसाला कळेल असं एक पूर्ण वाक्य ऐकवा. मग बोलू."

हे त्यांनी कदाचित सहज म्हटलं असेल. पण समितीच्या सचिवाने ते शब्दशः इतिवृत्तात लिहिलं, आणि इतिवृत्तात लिहिलेलं परत घेण्याची पद्धत आमच्या विद्यापीठात नव्हती.

एक पूर्ण वाक्य! म्हणजे सगळा तुकडा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात. मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच पुढे चालवायची सोय मी नकलेत केलेली नव्हती. ती आता करावी का, असं मी सरांना विचारलं. सर पहिल्यांदाच "बघू" म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "आता नकलेला हात लावला, तर आतापर्यंतचे सगळे निकाल पुन्हा काढावे लागतील." तेव्हा कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे अखंड चालू ठेवणं एवढंच हाती उरलं. तंत्रशाळेत ते शक्य नव्हतं. तिथे कोणे एके काळी कोणीतरी हीटर चालू ठेवून घरी गेलं होतं, तेव्हापासून संध्याकाळी पहारेकरी सगळ्या इमारतीचा मेन स्विच स्वतःच्या हाताने खाली ओढत असे आणि मगच चहा पीत असे.

कॉम्प्युटर घरी आला. घरातली सगळ्यात गार खोली सासूबाईंची. त्यामुळे तो त्यांच्या पलंगासमोर मांडला. यंत्र तापतं म्हणून टेबलफॅनही त्याच्याकडे वळवला. सासूबाईंनी पदराने वारा घेत ते सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. माझं काय, मी नुसती बसलेलीच असते."

पहिला प्रयत्न समोरच्या वहिनींनी संपवला. आम्ही दोन दिवस लग्नाला गेलो होतो आणि कुंड्यांना पाणी घालायला किल्ली त्यांच्याकडे दिली होती. आम्ही परतलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या, चेहऱ्यावर मोठं समाधान. म्हणाल्या, "तुमचा टीव्ही चालूच राहिला होता हो. चित्रसुद्धा दिसत नव्हतं, नुसते आकडे. मी बंद केला. बिल किती आलं असतं." मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय म्हणणार? त्यांनी तर आमच्या दोन कुंड्यांची मातीही बदलली होती.

दुसऱ्या प्रयत्नात वीज गेली. तेव्हा प्रकरण फ्यूजकाकांनी हातात घेतलं. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून त्यांनी मोठ्या बॅटऱ्या आणल्या, त्या सासूबाईंच्या पलंगाखाली ओळीने लावल्या आणि घरभर नवी वायर ओढली. "आता जग बुडालं तरी तुमचं मशीन चालणार," असं म्हणून ते गेले. जग बुडालं नाही. दूधवाला आला. त्याने बेल दाबली, आणि बेल गोड वाजली, कॉम्प्युटर अंधारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. काकांनी वायर ओढताना दाराची बेलही त्याच बॅटऱ्यांवर घेतली होती, बिचारी वीज गेल्यावर बंद पडू नये म्हणून.

काका म्हणाले, उद्या दुरुस्त करतो. मी म्हटलं, काका, तुम्ही फक्त कशाला हात लावू नका. हे मी फार मऊपणे म्हटलं होतं, पण ते दुखावले. पुढचे काही दिवस ते खिशातून टेस्टर न काढताच जिना चढत.

मग मी दारावर पाटी लावली: "बेल वाजवू नये. रेडिओ चालू आहे." लोक पाटी वाचून दाराला कान लावत. आत कसलाच आवाज नसे. त्यातून इमारतीत अशी समजूत पसरली, की आमच्या घरात कोणीतरी आजारी आहे आणि आम्ही ते लपवतो आहोत. माणसं टकटकसुद्धा न करता, दार हळूच ढकलून आत येऊ लागली. चपला बाहेर, आवाज खाली. कोणी मोसंबी आणली, कोणी बिस्किटं. सासूबाईंच्या खोलीत येऊन ती कॉम्प्युटरकडे पाहत बसत, कारण पंखा त्याच्यावर होता.

"कसं आहे आता?" समोरच्या वहिनींनी विचारलं. त्या बिचाऱ्या काळजीने रोज येत.

"चाललंय," सासूबाई म्हणाल्या. "हळू आहे. पण कालच्यापेक्षा बरं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तेच तर व्हायचंय अजून."

मला वाटलं होतं की सासूबाई या माणसांच्या राबत्याने वैतागतील. झालं उलटंच. आयुष्यभर त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली होती. सासऱ्यांची, नणंदेची, स्वतःच्या आईची. न बोलणाऱ्या, न हलणाऱ्या कोणाजवळ बसून राहणं हे काम आहे, ही गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तंत्रशाळेत गेले की त्या खुर्ची ओढून यंत्राजवळ बसत. ओल्या फडक्याने आजूबाजूची धूळ पुसत. मोलकरणीला झाडू त्या कोपऱ्यात नेऊ देत नसत. नातेवाइकांचा फोन आला आणि मी काय करते असं त्यांनी विचारलं, तर आता त्या म्हणत, "तिचं काम चाललंय." मी हे एकदा स्वयंपाकघरातून ऐकलं आणि उगीचच नळ सोडून उभी राहिले.

दरम्यान, विद्यापीठाच्या भांडारपालांचं बोलावणं आलं. प्रबंध दाखल करायचा तर संशोधनात वापरलेल्या सर्व वस्तू भांडारात जमा केल्याचा दाखला हवा. त्यांच्या यादीत माझ्या नावावर एक चिप होती. मी सांगितलं, ती माझ्याकडे नाही.

"हरवली?"

"नाही, ती तयारच झालेली नाही."

"मग वापरली कशी?"

मी त्यांना नक्कल समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन मार्ग सुचवले: एक तर वस्तू हरवल्याची तक्रार द्यावी, नाही तर वस्तू आणून द्यावी, म्हणजे ते ती लगेच मोडीत काढतील. मी तिसरा मार्ग विचारला. ते म्हणाले, तिसऱ्या मार्गासाठी वरिष्ठांना लिहावं लागेल, आणि वरिष्ठ रजेवर आहेत. तोवर चिप नसल्याचा पुरावा म्हणून कंपनीचं पत्र आणा. मी कंपनीला लिहिलं. तुमची चिप अस्तित्वात नाही असं कृपया लिहून द्या, असं पत्र एखाद्या कंपनीला लिहिताना काय वाटतं, ते लिहिल्याशिवाय कळणार नाही. त्यांचं उत्तर आलं. पत्रात दिलगिरीसुद्धा होती.

तिसरा प्रयत्न चालत राहिला. आठवडे गेले. पाटी उन्हाने फिकट झाली. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. एका रविवारी दुपारी, आम्ही जेवत असताना, सासूबाईंनी खोलीतून हाक मारली, "अगं, आकडे थांबलेत."

आम्ही उष्टे हात धुऊन धावलो. ह्यांनी सरांना फोन केला, ते स्कूटरवरून आले. समोरच्या वहिनी आल्या. फ्यूजकाका रुसवा सोडून आले आणि दाराशी उभे राहिले. कोणाच्या घरी बारसं असावं तशी खोली भरली. मी स्पीकर लावला. मग आमच्या ओळखीची ती बाई भारदस्त आवाजात म्हणाली:

"उद्या दुपारनंतर"

आणि थांबली. कागद उलटल्याचा आवाज आला, स्वच्छ, करकरीत. मग ती खाकरली. मग पुन्हा शांतता. पुन्हा खाकरली. आणि मग माइकपासून तोंड वळवून, अगदी खालच्या, घरगुती आवाजात म्हणाली, "जरा पाणी द्या हो."

तिथे तुकडा संपला.

मला कळत होतं काय झालं ते. इतकी वर्षं मी त्या लहरीचे आकडे घासून-पुसून पाहिले होते, पण सगळा तुकडा एकदा कानांनी ऐकावा हे मला सुचलंच नव्हतं. नकलेशिवायही ते करता आलं असतं. साध्या कॉम्प्युटरवर, दोन-चार दिवसांच्या कामाने. सरांनाही सुचलं नव्हतं. आमच्या कामात आवाज कोणी ऐकत नाही. आकडे आकड्यांशी जुळले, की आम्ही खूश. आणि आता समितीपुढे मी काय नेणार होते? अर्धं हवामान आणि एक खोकला. उद्या दुपारनंतर काय होणार होतं, ते त्या बाईच्या पुढच्या कागदावर राहिलं होतं. गच्चीवरची ती दुपार परत येणार नव्हती, यंत्र परत मिळणार नव्हतं, आणि मुदत तर नव्हतीच.

सर मात्र उजळले होते. "कागद ऐकलात? कागद!" ते म्हणाले. "इतका बारीक आवाज आला म्हणजे गाळणी किती साफ आहे!" मला त्या क्षणी ते फार लहान वाटले.

"आवाज चांगला आहे," फ्यूजकाका दारातून म्हणाले. दुसऱ्याच्या दुःखात ते नेहमीच न्यायाने वागत.

हे खिडकीबाहेर पाहत होते. मी खाली बसले. जमिनीवरच.

तेवढ्यात सासूबाई खुर्चीवरून उठल्या. गुडघ्यांवर हात रोवून, सावकाश, त्या नेहमी उठत तशा. कोणाकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या. पेल्यावर पाण्याची धार पडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या आणि पाण्याने भरलेला पेला त्यांनी कॉम्प्युटरशेजारी ठेवला, आणि वर झाकणी ठेवली.

मग सगळ्यांचे चेहरे पाहून त्या थोड्या ओशाळल्या. "पाणी मागितलं तिने," त्या म्हणाल्या. "मागितल्यावर द्यायला नको?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे. समितीच्या इतिवृत्तात हवामानाचं नावही नव्हतं; तिथे होतं फक्त विषयाबाहेरच्या माणसाला कळेल असं एक पूर्ण वाक्य.

समितीच्या दिवशी मी काळजीपूर्वक केलेली सगळी तक्त्यांची पानं पिशवीतच राहिली. अध्यक्ष म्हणाले, "ऐकवा." मी ऐकवलं. त्यांनी चष्मा काढला. "पुन्हा." मी पुन्हा ऐकवलं. पंख्याची घरघर नको म्हणून त्यांनी पंखा बंद करायला सांगितला आणि तिसऱ्यांदा ऐकलं.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे लहर नाही, सर. डिस्क तिथेच भरली."

"म्हणजे तिला पाणी मिळालं की नाही, हे कळत नाही."

"नाही, सर."

एक सदस्य माझ्या संदर्भसूचीतले स्वल्पविराम तपासत होते. ते म्हणाले, निवेदकांच्या टेबलावर साधारणतः पाणी ठेवलेलं असतं. अध्यक्षांनी त्यांच्याकडे वळून गंभीरपणे विचारलं, "असतं, तर तिने मागितलं असतं का?" सदस्यांनी हे मान्य केलं. दुसरे सदस्य म्हणाले, पेला असेल पण रिकामा असेल. यावरही विचार झाला. माझ्या तिसऱ्या प्रकरणावर त्या दिवशी एकही प्रश्न आला नाही.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "वाक्य पूर्ण आहे. पण विषयाबाहेरच्या माणसाला कळतं, याला आधार काय?"

मी सासूबाईंची गोष्ट सांगितली. जशी घडली तशीच, काही न जोडता. सांगताना माझा आवाज मध्येच बसला आणि मला दोनदा खाकरावं लागलं. सचिवाने न बोलता समोरचं पाणी माझ्याकडे सरकवलं.

"लगेच उठल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो सर. गुडघे दुखतात त्यांचे. पण उठल्या."

त्यांनी मान हलवली आणि सचिवाला लिहायला सांगितलं: एक पूर्ण वाक्य ऐकवण्यात आले. ते समजले. मग त्यांनी सही केली.

भांडाराचा दाखलाही कालांतराने मिळाला. त्यावर लिहिलं होतं की सदर वस्तू जमा झालेली नाही, तथापि तिच्याबद्दल तक्रार नाही. पुढे कंपनीने ती चिप बनवलीच नाही, दुसरीच बनवली. माझे प्रोग्राम तिच्यावर चालले नसते. माझं टेबल खिडकीपाशी परत गेलं, पण उन्हामुळे मी ते पुन्हा आत ओढून घेतलं. फ्यूजकाकांचा रेडिओ मी एका दुकानातून दुरुस्त करून आणला आणि गणित ठीक केलं म्हणून त्यांना दिला. ते सगळ्या इमारतीला सांगत, डॉक्टर असावी तर अशी, वेळ घेते पण मुळापासून बरं करते.

त्या दिवशी समितीहून घरी आले, तेव्हा सासूबाई दाराच्या आतच उभ्या होत्या. बेल अजून बॅटरीवरच होती, म्हणून मी हलकेच दार ढकललं. मी आत पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, "तिथे विचारलंस का? मिळालं का तिला पाणी?"

"विषय निघाला होता, आई. त्यांनाही माहीत नाही."

"एवढे शिकलेले," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत आणखी बरीच वर्षं राहिला. बंदच असायचा. पण सकाळी स्वतःसाठी पाणी भरून ठेवताना त्या त्याच्याजवळ एक पेला ठेवत, झाकणी घालून, आणि संध्याकाळी ते पाणी कुंड्यांना घालत.

आता सासूबाई नाहीत. हेही नाहीत. मी बातम्या फोनवर ऐकते. त्यात माझ्या चिपच्या कोणा चुलत नातीची चुलत नात बसलेली असणार. ती एका दमात सगळं सांगून मोकळी होते. हवामान सांगणाऱ्या मुली हल्ली खोकत नाहीत. पण एखादी कधी वाक्याच्या मध्येच थांबली, की मी गुडघ्यांवर हात रोवून अर्धी उठते.